वडिलोपार्जित बंदूक: दुरुस्ती, परवाना आणि प्रयोजन

ज्या घराण्यांत एकेकाळी इनाम, वतन, खोती किंवा सरकारी हुद्दा होता, त्यांपैकी पुष्कळांच्या घरी अजूनही एखादी जुनी दुनळी बंदूक कपाटात किंवा भिंतीवरच्या खुंट्यांवर असते. खंडेनवमीला तिला हळदकुंकू व झेंडूची फुले वाहिली जातात आणि एरवी परवान्याच्या नूतनीकरणाची मुदत भरत आली म्हणजेच तिची आठवण होते. परवानाधारक वारला की ही बंदूक घर, शेत आणि भांडीकुंडी यांच्याबरोबर पुढच्या पिढीच्या वाट्याला येते, आणि मग वारसापुढे दोन प्रश्न उभे राहतात: हिची दुरुस्ती होईल काय, आणि झालीच तर आजोबा जसे हिवाळ्यात तितर, लाव्हे व ससे यांच्या मागे माळावर जात तसे आपल्यालाही जाता येईल काय? पहिला प्रश्न तो कारागिराला विचारतो, परवान्याची चौकशी जिल्हाधिकारी कचेरीत करतो, आणि शिकारीसंबंधीचा प्रश्न वनखात्याला बहुधा विचारतच नाही; त्यामुळे त्याला जी उत्तरे मिळतात ती सुटी सुटी असतात आणि कित्येकदा एकमेकांना छेद देतात. वस्तुतः हे सारे मिळून एकच प्रकरण आहे, आणि त्याचा समग्र विचार केला तर एक गोष्ट स्पष्ट होते: बंदुकीची दुरुस्ती कोठवर करावी हे लोखंडाची स्थिती जितके ठरवते त्याहून अधिक तिचे प्रयोजन ठरवते, आणि प्रयोजनच पालटले असेल तर दुरुस्तीची कल्पनाही पालटली पाहिजे.

प्रयोजन आणि लोखंड यांचा संबंध केवढा निकटचा आहे हे छर्ऱ्याच्या बंदुकीच्या इतिहासावरून दिसते. युद्धातील बंदुकीला एक गोळी दूरवर न्यावयाची असते. छर्ऱ्याच्या बंदुकीला उडत्या पाखराच्या वाटेवर बारीक शिशाचा एक दाट मेघ सोडावयाचा असतो, आणि म्हणून तिची नळी आतून गुळगुळीत, पातळ आणि हलकी असते. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यानंतर आधी रंजक पेट घेई आणि मग आतला बार उडे. तेवढ्या अवधीत रंजकाचा भडका पाहून पाखरू सावध होई. ह्या अडचणीने त्रस्त झालेल्या अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या स्फोटक मिश्रणाचा उपयोग करून १८०७ मध्ये नव्या यंत्रणेचे पेटंट घेतले, आणि त्यातूनच पुढे केपाची बंदूक जन्माला आली. म्हणजे जगातील सैन्यांची शस्त्रे ज्या शोधाने पालटली तो शोध पाणपक्ष्यांच्या शिकारीतील एका गैरसोयीतून निघाला होता. त्यानंतर १८३५ च्या सुमारास फ्रान्समध्ये लफोशे याने मागून उघडणारी, काडतूस भरण्याची बंदूक प्रचारात आणली. १८७५ मध्ये वेस्टली रिचर्ड्स यांच्या कारखान्यातील अँसन आणि डीली या दोघांनी बाहेरचे घोडे काढून सारी यंत्रणा पेटीच्या आत बसविली. आणि त्याच दशकात नळीचे तोंड किंचित आवळून छर्रे अधिक अंतरापर्यंत एकत्र ठेवण्याची युक्ती, जिला चोक म्हणतात, ग्रीनर प्रभृतींनी सिद्ध केली. आपल्याकडच्या बहुतेक वडिलोपार्जित दुनळ्या एकोणिसाव्या शतकातील ह्याच घडामोडींचे अपत्य आहेत.

त्या येथे आल्या त्या मुख्यत्वे इंग्लंडमधील बर्मिंगहॅम आणि बेल्जममधील लीएज या दोन गावांतून. १८७८ च्या शस्त्र-कायद्याने लॉर्ड लिटनच्या सरकारने हिंदी प्रजेला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी केली आणि युरोपियनांना मात्र सूट ठेवली. या भेदाविरुद्ध राष्ट्रीय सभेने आपल्या आरंभीच्या अधिवेशनांतच तक्रार नोंदविली होती. परिणाम असा झाला की परवाना हा केवळ सोयीचा कागद न राहता सरकारदरबारी असलेल्या पतीचे चिन्ह बनला. इनामदार, खोत, पाटील, निवृत्त मामलेदार यांच्या घरी भिंतीवर टांगलेली बंदूक पाहुण्याला जे सांगत असे ते शिकारीपेक्षा प्रतिष्ठेविषयी अधिक होते. गरीब शेतकऱ्याच्या घरी असलीच तर ती ठासणीची बंदूक, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. आजही दुरुस्तीला येणाऱ्या बंदुकांत हे दोन वर्ग सरळ ओळखू येतात, आणि दोहोंचे प्रश्न भिन्न आहेत.

आता कायद्याकडे वळू. कारण पेचकस हाती घेण्याच्या आधी कागद हाती घेतला पाहिजे, हा या विषयातला पहिला नियम आहे. सध्या अंमलात असलेला शस्त्र अधिनियम १९५९ चा असून त्याचे नियम २०१६ मध्ये नव्याने करण्यात आले. परवाना हा व्यक्तीचा असतो, बंदुकीचा नव्हे. त्यामुळे धारकाच्या मृत्यूबरोबर त्याच्या कुटुंबीयांचा ती बंदूक घरात ठेवण्याचा अधिकार संपतो, आणि अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसाने मग मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती आणि शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र यांसह परवाना-अधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा असतो. धारक हयात असतानाच हा व्यवहार उरकण्याची सोयही नियमांत आहे: त्याचे वय सत्तर झाले किंवा त्याने बंदूक पंचवीस वर्षे बाळगली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तो आपल्या वारसाचे नाव सुचवू शकतो. वृद्धांनी या तरतुदीचा लाभ घेतला तर मृत्यूनंतरची पुष्कळ धावपळ टळते. परंतु आपल्याकडे मृत्युपत्र आणि बंदूक या दोन्ही गोष्टी शेवटपर्यंत लांबणीवर टाकण्याची वहिवाट आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि वारसाहक्काने आलेल्या शस्त्रांनाही तीच मर्यादा लागू केली. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. ज्याच्याकडे आधीच स्वतःच्या दोन बंदुका आहेत अशा वारसाला त्यामुळे आजोबांची तिसरी ठेवता येत नाही. कोणती सोडावयाची याचा निर्णय त्याला करावा लागतो, आणि त्या निर्णयात भावनेचा भाग कितीही मोठा असला तरी दप्तरात त्याची नोंद होत नाही.

दुरुस्तीविषयी तर अधिनियमाचे कलम ५ निःसंदिग्ध आहे. अग्निशस्त्र बनविणे व विकणे याप्रमाणेच त्याची दुरुस्ती करणे आणि चाचणी घेणे हा व्यवसायही परवान्यावाचून करता येत नाही. गावचा लोहार किंवा सायकलदुरुस्तीवाला कितीही कसबी असला तरी त्याच्या भात्यावर बंदुकीचा घोडा नेऊन ठेवणे हे दोघांनाही गोत्यात आणणारे आहे. कलम ६ नळी आखूड करण्यास मनाई करते. तोंडाशी चेपलेली वा गंजलेली नळी दोनचार इंच कापून टाकण्याची जी जुनी युक्ती खेड्यांतून ऐकू येते ती म्हणून बेकायदा आहे, आणि शिवाय मूर्खपणाचीही, कारण चोक नेमका तोंडाशीच असतो आणि नळीबरोबर तोही कापला जातो. सर्वांत विलक्षण तरतूद कलम ४५ मधील आहे: जे शस्त्र पुरातन घडणीचे किंवा पुराणवस्तु म्हणून मोलाचे आहे किंवा मोडकळीस आलेले आहे, आणि दुरुस्ती करूनही किंवा न करताही ज्याचा अग्निशस्त्र म्हणून उपयोग होऊ शकत नाही, त्याला हा अधिनियम लागू होत नाही. अशा शस्त्राला पुन्हा बार काढण्याजोगे करणे म्हणजे त्याला आपण होऊन परवान्याच्या कक्षेत ढकलणे होय. पणजोबांची तोड्याची बंदूक हौसेने चालू करून घेणाऱ्या वारसाने हा विरोधाभास ध्यानी घ्यावा.

कागदपत्रे मार्गी लागल्यावर लोखंडाची परीक्षा करावयाची. तिचा क्रम जुन्या कारागिरांनी अनुभवाने ठरविलेला आहे आणि त्यात बदल करण्याजोगे काही नाही. प्रथम बंदूक रिकामी आहे की नाही हे पाहावयाचे. काडतुशी बंदुकीत हे मोडून पाहिल्याबरोबर कळते, पण ठासणीच्या बंदुकीत बार भरून ठेवलेला असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही, आणि शोरा पंचाहत्तर भाग, कोळसा पंधरा भाग व गंधक दहा भाग या प्रमाणात केलेली काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनंतरही पेट घेते. म्हणून गज नळीत तळापर्यंत सोडून तोंडाशी खूण करावी आणि तोच गज बाहेरून नळीवर धरून ती लांबी केपाच्या जागेपर्यंत पोचते का हे पाहावे. तीनचार बोटांचे अंतर पडले तर आत काहीतरी ठासलेले आहे असे समजून ती बंदूक जाणत्याच्या हवाली करावी. भिंतीवरच्या रिकाम्या समजल्या गेलेल्या बंदुकीने घडविलेले अपघात याच एका दुर्लक्षातून होतात.

त्यानंतर नळ्या काढून त्यांच्या खालच्या सपाट बाजूवरील ठसे वाचावे. हे ठसे म्हणजे बंदुकीची जन्मपत्रिकाच होय. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळीला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ मध्ये कायद्याने स्थापन झाले. तेव्हापासून इंग्लंडात प्रत्येक नळी नेहमीपेक्षा जबर बार भरून उडवून पाहिल्याखेरीज विकता येत नाही, आणि परीक्षेत टिकलेल्या नळीवर ठसा मारला जातो. लीएजच्या बंदुकांवर अंडाकृतीत ई, एल, जी ही अक्षरे सापडतात. चोक असलेल्या इंग्रजी नळ्यांवर १८७५ पासून १८८७ पर्यंत ‘गोळीसाठी नव्हे’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द ठोकलेले असत. पण वारसाने सर्वांत आधी शोधावयाचा तो नायट्रो, म्हणजे धूररहित, दारूच्या परीक्षेचा ठसा. ज्या नळीची परीक्षा केवळ काळ्या दारूने झालेली आहे तिच्यात आजचे धूररहित दारूचे काडतूस सहज बसते, आणि बसते म्हणून ते उडविले जाते. परंतु बसणे आणि झेपणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

ह्या भेदाचे मर्म नळीच्या घडणीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत उत्तम नळ्या लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, त्या दांड्याभोवती गुंडाळून आणि घणाने सांधून केल्या जात. तेजाबाच्या संस्काराने त्यांवर जी वेलबुट्टीसारखी नक्षी उमटते तिच्यामुळे त्यांना दमास्कसी नळ्या म्हणतात. दिसावयास ह्यांच्याइतके सुंदर दुसरे काही नाही. पण नळीभर गेलेल्या त्या सांध्यांत कोठे लोहमळ राहिला असेल, कोठे शंभर पावसाळ्यांच्या दमटपणाने आतून गंज पोखरीत गेला असेल, हे डोळ्यांना दिसत नाही. काळ्या दारूचा अवशेष हवेतील ओलावा शोषून घेतो. शिकारीहून परतल्यावर ज्याने नळी गरम पाण्याने धुतली नाही त्याच्या नळीत खड्डे पडलेच म्हणून समजावे. हे खड्डे घासून काढता येतात, पण घासणे म्हणजे धातू कमी करणे. बारा बोअरच्या नळीचा अंतर्व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो, आणि तिच्या भिंतीची जाडी सर्वांत पातळ जागी अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली की इंग्रज कारागीर तिला धोक्याची मानतात. आरशासारखी चकचकीत झालेली जुनी नळी पाहून खूष होणाऱ्या वारसाने ती चकाकी किती धातू देऊन विकत घेतली आहे हे मोजून घ्यावे.

काडतुसाच्या घराची लांबी हा दुसरा फसवा विषय. जुन्या इंग्रजी बंदुकांचे घर अडीच इंची, म्हणजे सुमारे ६५ मिलिमीटर काडतुसासाठी कोरलेले असते. आज मिळणारे ७० मिलिमीटरचे काडतूस न उडविलेल्या स्थितीत आखूड असल्यामुळे त्यात मावते, पण उडताना त्याचे मिटलेले तोंड उलगडून घराच्या पुढील निमुळत्या भागात शिरते आणि दाब वाढतो. आपल्याकडे परवानाधारकांची बरीचशी गरज खडकीच्या, १८६९ मध्ये स्थापन झालेल्या, दारूगोळा कारखान्यातील ‘शक्तिमान’ छापाच्या काडतुसांनी भागत आली आहे; डबी कोणतीही असो, तिच्यावरील लांबी आणि नळीवरील ठसा यांचा मेळ घातल्यावाचून बार भरू नये. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत पडले तर ते पुढे सरकून अडकते, आणि मागून दुसरे काडतूस घालून चाप ओढला तर नळी फुटते, ही गोष्ट ज्या घरात दोन्ही मापांच्या बंदुका आहेत त्या घरातील प्रत्येकाला ठाऊक असावी.

यंत्रणेची तपासणी त्यामानाने सोपी आहे. पुढची लाकडी पकड काढून, दस्ता धरून बंदूक हलक्या हाताने हलवावी. नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यात खडखड जाणवली, किंवा बिजागरीच्या जागी झीज दिसली, तर ती दुरुस्ती खास कारागिराचीच. घोडा पुरता ओढला असता पकडीत ठाम बसतो का, अर्ध्यावर ओढून धक्का दिला तर सुटतो का, चाप फार हलका झाला आहे का, हे पाहावे. दस्त्याचे लाकूड बहुधा अक्रोडाचे असते. बंदूक वर्षानुवर्षे नळ्या वर करून ठेवली की यंत्रणेतील तेल झिरपून लाकडात मुरते, लाकूड काळवंडते आणि मऊ पडून यंत्रणेच्या पाठीमागे तडकते; म्हणून तेल दिलेली बंदूक काही दिवस नळ्या खाली करून ठेवावी. दस्त्याला चकाकी आणण्यासाठी इंग्रज कारागीर जवसाचे तेल हळूहळू जिरवीत आणि त्यात तांबूस छटेसाठी एक मुळी उकळीत; ती आपल्या रतनजोतीच्याच कुळातील. बाजारातील चकचकीत रोगण लावले की एका दुपारी काम उरकते, पण लाकडाचे अंग त्याखाली गुदमरते.

रंगाविषयी एक इशारा आवश्यक आहे. जुन्या नळ्यांचा काळसर तपकिरी रंग हा मुद्दाम बेताने गंज चढवून, तो उकळत्या पाण्यात स्थिर करून आणि घासून, पुनःपुन्हा तेच करीत आणलेला असतो. आजची झटपट पद्धत नळ्या कढत क्षारयुक्त द्रावणात बुडविण्याची आहे. एका नळीच्या पोलादी बंदुकीला ती चालते, पण दुनळीच्या नळ्या व त्यांच्यामधली पट्टी ज्या मऊ डाकाने जोडलेल्या असतात तो डाक या द्रावणाने खाल्ला जातो आणि नळ्या सुट्या होतात. रंग गेलेली पण सांधे शाबूत असलेली दुनळी ही रंगविलेल्या पण सांधे सुटलेल्या दुनळीपेक्षा सर्व दृष्टींनी श्रेष्ठ होय. आणि खंडेनवमीच्या पूजेनंतर ओली फुले व कुंकू नळ्यांवरून लगेच पुसून तेलाचा हात फिरविला तर देवाचाही मान राहील आणि लोखंडाचाही.

येथपर्यंतची परीक्षा बर्मिंगहॅमजवळच्या एखाद्या खेड्यात आणि सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या वाड्यात सारखीच होईल. येथून पुढे मात्र वाटा फुटतात. इंग्लंडमधील वारसाला आजोबांची बंदूक पुन्हा शेतात न्यावयाची असते आणि तसे करण्यास त्याला कायद्याची आडकाठी नाही: तितराचा हंगाम १ सप्टेंबरला व फेझंटचा १ ऑक्टोबरला सुरू होऊन दोन्ही १ फेब्रुवारीला संपतात, आणि पिकाची नासाडी करणारी कबुतरे व ससे यांचा तर बंदोबस्त वर्षभर चालतो. म्हणून तो पातळ झालेल्या नळ्या कापून जुन्या बुडख्यात नव्या पोलादी नळ्या बसवून घेतो, त्यांची पुन्हा परीक्षागृहात परीक्षा करवितो, दस्ता तापवून आपल्या खांद्याच्या मापाने वाकवून घेतो. त्याच्यापुढचा अलीकडचा प्रश्न शिशाचा आहे. पाणथळीत पडलेले छर्रे बदके खड्यांसारखे गिळतात आणि शिशाच्या विषाने मरतात. म्हणून डेन्मार्कने १९९६ पासून शिशाच्या छर्ऱ्यांवर सरसकट बंदी घातली आणि युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ भागांत ती लागू केली. शिशाऐवजी येणारे पोलादी छर्रे जुन्या मऊ नळ्यांना ओरबाडतात, तेव्हा तेथील जुन्या बंदुकीपुढे महागड्या बिस्मथच्या छर्ऱ्यांवाचून दुसरा मार्ग फारसा उरलेला नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचे रूप अगदी निराळे आहे. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्यपशू व वन्यपक्षी संरक्षणाचा कायदा केला; पुढे १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव अधिनियमाने प्राण्यांच्या अनुसूच्या पाडल्या, आणि त्यांत मोठी शिकार, लहान शिकार असे वर्ग करून त्यांसाठी वेगवेगळे परवाने ठेवले. म्हणजे ज्याला आजचा वारस आजोबांची शिकार म्हणतो ती १९७२ नंतरही काही काळ, परवान्याने का होईना, कायद्यात बसत होती. १९९१ च्या दुरुस्तीने ते सारे परवाने रद्द झाले. तेव्हापासून ससा, तितर, लाव्हा, पखुर्डी, रानकोंबडा, हरियल यांपैकी कशाचीही हौसेखातर शिकार करण्याची वाट भारतात कोठेही उघडी नाही. हरियल तर महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्याचा शस्त्रपरवाना रद्द करण्याचा आणि पाच वर्षे नवा न देण्याचा हुकूम न्यायालय करू शकते. सशापायी वडिलोपार्जित बंदूकच घराबाहेर जावी यासारखी दुसरी विपरीत गोष्ट नाही.

ह्या बंदीकडे केवळ सरकारी जुलूम म्हणून पाहणारे लोक अजून भेटतात. त्यांनी दख्खनच्या माळरानाचा गेल्या शंभर वर्षांचा हिशोब मांडावा. माळढोक हा एकेकाळी येथला परिचित पक्षी. बंदूक आणि नांगर या दोहोंनी मिळून त्याला इतके मागे रेटले की त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ मध्ये अभयारण्य करावे लागले, आणि तरीही तो सावरला नाही. जे माळ तितरांचे व सशांचे घर होते त्यांना महसुली दप्तराने पडीक म्हटले, मग कोणी त्यांवर झाडे लावली, कोणी कालव्याचे पाणी आणले, कोणी वसाहती पाडल्या. म्हणून शिकारी आणि संरक्षक हे दोन शत्रुपक्ष आहेत अशी जी कल्पना रूढ आहे तीही अर्धवट खरी आहे. मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाच्या १८८३ मधील स्थापनेत व त्याच्या आरंभीच्या कार्यात शिकारी मंडळींचा वाटा मोठा होता. सालिम अली यांना पक्षिशास्त्राची वाट दाखविली तीही बालपणी छर्ऱ्याच्या हवाई बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीने, जी ओळखून घेण्यासाठी ते त्या मंडळात गेले. मराठीत व्यंकटेश माडगूळकरांनी रानाविषयी जे लिहिले त्याच्याही मुळाशी शिकारीत रमलेल्या माणसाची नजर होती. त्या पिढीने बंदुकीच्या निमित्ताने रान पाहिले. आजच्या वारसाला रान पाहण्यासाठी बंदुकीची गरज नाही, एवढाच काय तो फरक.

पीकसंरक्षणाचे प्रकरण मात्र खरेखुरे आणि आजचे आहे. कोकणात माकडे व रानडुकरे, विदर्भात रानडुकरे व नीलगायी शेतकऱ्याच्या तोंडचा घास काढून नेतात. आणि वन्यजीव अधिनियमाच्या कलम ११ मध्ये, उभ्या पिकासह मालमत्तेला धोका ठरलेल्या काही प्राण्यांना मारण्याची लेखी अनुज्ञा सक्षम वनाधिकारी देऊ शकतो अशी तरतूद आहे. शस्त्र अधिनियमही पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीला आणि संरक्षण किंवा क्रीडेसाठी किमान वीस इंच नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला वेगळी वागणूक देतो. पण एक परवाना दुसऱ्याची जागा घेत नाही: बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची अनुज्ञा नव्हे. शिवाय औंसभर वजनात सुमारे २७० भरणारा सहा नंबरचा छर्रा पाखरासाठी आहे. तो रानडुकरावर झाडणे म्हणजे त्याला मारणे नव्हे, तर जखमी करून कोणाच्या तरी वाटेवर सोडून देणे होय. पाखरांसाठी घडविलेली, शतायुषी झालेली हलकी दुनळी या कामी लावणे म्हणूनच दुहेरी चूक ठरेल. तिच्या नळ्यांवरही अन्याय आणि जनावरावरही.

कर्नाटकातील कोडगूचे उदाहरण येथे काही जण पुढे करतात. तेथील कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना शस्त्र-परवान्यातून ब्रिटिश काळापासून सूट आहे, केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढविलीही आहे, आणि कैलपोळद सणाला ते आपल्या बंदुकांची पूजा करतात. परंतु ती सूट बाळगण्यापुरती आहे. शिकारीची बंदी कोडवालाही तितकीच लागू आहे. किंबहुना कोडगूनेच हे दाखवून दिले आहे की बंदूक शिकारीतून निवृत्त झाली तरी घराण्याच्या आणि समाजाच्या जीवनात तिचे मानाचे स्थान टिकू शकते.

तर मग आपल्या वारसाने करावे काय? मला तीन मार्ग दिसतात. बंदूक पोलादी नळीची, नायट्रो परीक्षेचा ठसा असलेली आणि सांध्यांनी घट्ट असेल, तर तिची यंत्रणा व सुरक्षा यांपुरती दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडून करून घ्यावी, आणि कधी बार काढण्याची इच्छा झालीच तर ती नेमबाजी मंडळाच्या मैदानावर मातीच्या उडत्या तबकड्यांवर, हलक्या काडतुसांनी, मोजक्या वेळा पुरी करून घ्यावी. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला रौप्यपदक मिळविले ते याच कुळीच्या खेळात. मात्र स्पर्धेचा शेकडो बारांचा रोजचा सराव हे नव्या बंदुकीचे काम आहे, आजोबांच्या नव्हे. बंदूक दमास्कसी नळीची किंवा केवळ काळ्या दारूची असेल, तर गंज थांबविणे, लाकूड वाचविणे, ठसे व कोरीवकाम जसेच्या तसे ठेवणे आणि परवान्यासह तिला निवांत बसू देणे, एवढेच करावे. घासणे, रंगविणे, नवे सुटे भाग बसविणे यांपैकी काहीही करू नये. आणि ती मुळातच मोडकळीस आलेली व चालण्यापलीकडची असेल, तर तिच्या स्थितीचा सक्षम अधिकाऱ्याकडून लेखी निर्णय करून घेऊन ती जतन करावी, किंवा एखाद्या संग्रहालयाला कैफियतीसह द्यावी. शंभर वर्षांवरील वस्तू पुराणवस्तूंच्या कायद्याखाली येते आणि खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठविता येत नाही, हेही सोबत लक्षात असू द्यावे.

ह्या तिन्ही मार्गांत एक सूत्र समान आहे. जी दुरुस्ती बंदुकीला पुन्हा माळावर नेण्यासाठी करावयाची तिला नळ्या नव्या कराव्या लागतात, दस्ता नव्या खांद्याला जुळवावा लागतो, झीज पुसून टाकावी लागते. इंग्लंडात ती शोभते, कारण तेथे तो माळ अजून त्या बंदुकीची वाट पाहतो. येथे त्या दुरुस्तीला प्रयोजनच उरलेले नाही, आणि प्रयोजनावाचून केलेली दुरुस्ती ही जुन्या वस्तूची केवळ नासाडी असते. आपल्या वडिलोपार्जित बंदुकीचे आज जे मोल आहे ते तिच्या ठशांत, तिच्या झिजेत, १८७८ च्या कायद्याखाली मिळालेल्या त्या पिवळ्या परवान्यात, आणि कोणत्या गावच्या कोणत्या घराण्याने ती कशी मिळविली या हकिकतीत आहे. तेव्हा वारसाने कारागिराकडे जाण्यापूर्वी घरातील वृद्धांकडे जावे, बंदुकीची हकिकत लिहून काढावी, जुने परवाने व पावत्या तिच्याबरोबर एका बासनात बांधाव्यात, आणि मग कारागिराला स्पष्ट सांगावे की जेवढे खराब होत चालले आहे तेवढे थांबव, बाकीच्याला हात लावू नकोस. अशी सूचना ऐकून जो कारागीर नाराज होणार नाही, तोच या कामाचा खरा अधिकारी समजावा.